भूगर्भशास्त्रज्ञ दाराशा वाडिया

मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बोईसर हे स्थानक लागते. तेथून पश्चिमेस समुद्राच्या दिशेने गेले म्हणजे दांडी हे गाव येते. महात्मा गांधींनी १९३० साली मिठाचा कायदा मोडला, ते दांडी गुजरातमधील. हे दांडी महाराष्ट्रातील, पालघर जिल्ह्यातील मच्छीमारांचे गाव होय. याच किनारपट्टीवर, दांडीपासून जवळच, तारापूरचे अणुवीजकेंद्र उभे आहे. भारतात अणुशक्तीपासून वीज प्रथम निर्माण झाली ती येथेच, १९६९ साली.

अणुभट्टीला इंधन म्हणून युरेनियम हा जड धातू लागतो. दांडीच्या परिसरात जमीन खणत गेले तर खाली काळा, कठीण बेसाल्ट लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वर आलेला तप्त शिलारस थरावर थर साचून थंड झाला आणि त्यापासून महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणारा हा खडक तयार झाला. आपली कसदार काळी माती त्यानेच दिली, आपले गड आणि लेणी त्यातूनच घडली. परंतु युरेनियमच्या बाबतीत तो अगदी दरिद्री आहे. मग युरेनियम मिळावयाचे कोठे? मिळाले तर किती मिळेल? आणि जमिनीतून काढून ते वापरणे परवडेल काय?

भारत स्वतंत्र झाला तेव्हा हे प्रश्न राष्ट्रापुढे होते. त्यांची उत्तरे शोधण्याची कामगिरी ज्यांच्यावर सोपवण्यात आली, ते थोर भूगर्भशास्त्रज्ञ म्हणजे दाराशा नोशेरवान वाडिया.

दाराशांचा जन्म ऑक्टोबर १८८३ मध्ये सुरत येथे एका पारशी कुटुंबात झाला. जहाजे बांधण्याबद्दल ज्या वाडिया घराण्याचे नाव गाजले होते, त्याच घराण्यातले हे कुटुंब. परंतु दाराशांचे वडील रेल्वेत स्थानकप्रमुखाची नोकरी करीत. संसार मोठा होता. नऊ भावंडांत दाराशा चौथे. लहान स्थानकांच्या गावी मुलांच्या शिक्षणाची सोय नसे. म्हणून दाराशांचे बालपण सुरतेस आजीच्या देखरेखीखाली गेले आणि तेथील शाळेतच त्यांचा विद्याभ्यास सुरू झाला.

ते अकरा वर्षांचे असताना कुटुंब बडोद्यास आले. त्या वेळी बडोद्याच्या गादीवर सयाजीराव गायकवाड हे विद्याप्रेमी महाराज होते. त्यांच्या राज्यात शाळा, ग्रंथालये व वस्तुसंग्रहालये यांना उदार आश्रय मिळत असे. दाराशांचे वडील बंधू शिक्षणक्षेत्रात काम करीत. ज्ञानासाठी ज्ञान मिळवावे, ही ओढ त्यांच्या सहवासात दाराशांना लागली.

बडोदा महाविद्यालयात दाराशांनी वनस्पती, प्राणी आणि भूगर्भ या तिन्ही शास्त्रांचा अभ्यास केला. भूगर्भशास्त्र शिकवण्याची सोय त्या काळी आपल्या देशात फारच थोड्या ठिकाणी होती. शिकवणारे मोजके, पुस्तके परदेशी आणि त्यांतील उदाहरणेही परदेशी डोंगरांची. तेव्हा वाडियांनी संग्रहालयातील खडकांचे व खनिजांचे नमुने हाताळून, मिळतील ती पुस्तके वाचून हे शास्त्र बहुतांशी स्वतःच्या श्रमाने आत्मसात केले.

इ. स. १९०७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, जम्मू येथील प्रिन्स ऑफ वेल्स महाविद्यालयात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. समुद्राजवळच्या सपाट मुलखात वाढलेला हा तरुण हिमालयाच्या पायथ्याशी येऊन पोचला. पुढची जवळजवळ चौदा वर्षे त्यांनी तेथे अध्यापन केले.

जम्मूभोवती शिवालिक नावाच्या टेकड्या आहेत. हिमालय उंच होत असताना त्यावरून वाहणाऱ्या नद्यांनी आणलेली वाळू, माती व गोटे साचून त्या बनल्या. सुटीचा दिवस आला की वाडिया हातोडा आणि पिशवी घेऊन या टेकड्यांत शिरत. पुष्कळदा त्यांचे विद्यार्थीही बरोबर असत. खडकाचा थर कोणत्या दिशेला कलला आहे, कोणता थर खाली व कोणता वर आहे, त्यांत कोणत्या प्राण्यांचे अवशेष आहेत, हे ते बारकाईने पाहत. खाली असलेला थर आधीचा आणि वर असलेला नंतरचा, हा त्या शास्त्रातला पहिला नियम. परंतु डोंगर उचलले जाताना थर दुमडतात, तुटतात, कधी कधी उलटेही होतात. तेव्हा पुस्तकाची पाने कोणी फाडून उलटसुलट लावावीत, तशी अवस्था होते. ती पाने पुन्हा क्रमाने लावण्याचे काम भूगर्भशास्त्रज्ञाचे असते.

एकदा या टेकड्यांत त्यांना हत्तीच्या एका नामशेष जातीची कवटी व सुळा सापडला. तो सुळा सुमारे दहा फूट लांबीचा होता. लाखो वर्षांपूर्वी त्या भागात केवढे प्रचंड प्राणी वावरत होते, याचा तो पुरावाच होता.

शिकवताना वाडियांना एक उणीव सतत जाणवे. भारतीय विद्यार्थ्याला भारताच्या भूमीची रचना समजावून सांगणारे सुबोध पुस्तक नव्हते. माहिती होती, पण ती सरकारी अहवालांच्या शेकडो पानांत विखुरलेली होती. वाडियांनी ती सर्व गोळा केली, पारखली आणि क्रमवार मांडली. त्यांचे भारताच्या भूगर्भशास्त्रावरील इंग्रजी पुस्तक १९१९ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

इ. स. १९२१ मध्ये वाडिया भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात दाखल झाले. या खात्याची स्थापना १८५१ मध्ये झाली होती आणि त्यातील वरिष्ठ अधिकारी बहुतेक इंग्रज असत. वाडियांचे वय आता अडतीस वर्षांचे होते आणि त्यांच्यापाशी परदेशी विद्यापीठाची पदवी नव्हती. परंतु चौदा वर्षे पायी हिंडून मिळवलेले ज्ञान होते. त्यांच्याकडे काश्मीर, पूंछ, हजारा या वायव्येकडील डोंगराळ मुलखाचा भूगर्भीय नकाशा तयार करण्याचे काम आले.

असा नकाशा करणे म्हणजे मोठे कष्टाचे काम. दऱ्याखोऱ्यांत तंबू ठोकून महिनोन्महिने राहावे लागते. प्रत्येक ओढ्याच्या काठाने चालावे लागते. खडक फोडून त्याची जात ओळखावी लागते. थराचा कल आणि दिशा यंत्राने मोजून नकाशावर नोंदवावी लागते. एक चूक झाली, तर तिच्यावर उभारलेले पुढचे सर्व अनुमान कोसळते. वाडियांनी हे काम वर्षानुवर्षे केले.

या कामातूनच त्यांचे सर्वांत प्रसिद्ध संशोधन जन्मास आले. हिमालयाच्या रांगा आग्नेयेकडून वायव्येकडे जातात. परंतु ८,१२६ मीटर उंचीच्या नंगा पर्वताजवळ पोचताच त्या एकाएकी वळतात आणि दक्षिणेकडे झुकतात. असे का व्हावे? या पर्वतांच्या वळणाजवळ दोन निराळ्या रांगा एकमेकींस मिळतात, असा कित्येकांचा समज होता. वाडियांनी थरांचा माग काढत दाखवून दिले की वळणाच्या दोन्ही बाजूंस तेच थर, त्याच क्रमाने येतात. म्हणजे रांग एकच; ती वाकलेली आहे. भारताच्या प्राचीन व कठीण भूमीची एक जीभ तेथे उत्तरेकडे घुसली आहे आणि तिच्याभोवती नव्या पर्वताचे थर, वाटेतल्या कातळाला पाण्याने वळसा घालावा, तसे वळले आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. इ. स. १९३१ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि जगातील शास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली.

सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झाल्यावर बहुतेक माणसे विश्रांती घेतात. वाडिया मात्र १९३८ साली सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, सरकारी खनिजशास्त्रज्ञ म्हणून गेले. ते बेट माणिक, नीलम अशा रत्नांसाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. ही रत्ने पुष्कळदा मूळ खडकात न सापडता नदीकाठच्या गोट्यांच्या थरांत सापडतात. ऊनपावसाने खडक झिजतो. त्यातील मऊ भाग वाहून जातो. कठीण आणि जड रत्ने मागे राहतात. खनिज कोठे जन्मले आणि कोठे जाऊन साठले, या दोन गोष्टी निराळ्या असू शकतात, हे तेथील रत्ने स्पष्ट दाखवून देतात.

इतक्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. विमाने, रणगाडे, जहाजे, तोफा या सर्वांना नाना प्रकारचे धातू लागत. ज्या देशांजवळ ती खनिजे नव्हती, ते ती मिळवण्यासाठी धडपडत होते. इ. स. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन बडोद्यास भरले. त्याचे अध्यक्षपद वाडियांना मिळाले. ज्या गावी ते संग्रहालयातील दगड न्याहाळत वाढले, त्याच गावी हा मान त्यांना लाभला. पुढील वर्षाच्या अधिवेशनासाठी पंडित जवाहरलाल नेहरूंची निवड झाली होती. परंतु ते तुरुंगात होते. म्हणून १९४३ मध्येही वाडियांनाच अध्यक्षस्थान स्वीकारावे लागले. त्या वेळी त्यांनी युद्धातील खनिजांचे स्थान हाच विषय आपल्या भाषणासाठी घेतला. पिकासारखी खनिजे दरवर्षी उगवत नाहीत. एकदा काढली की ती संपतात. पृथ्वीने ती सर्व देशांना सारखी वाटलेलीही नाहीत. त्यामुळे आपल्या भूमीत काय आहे आणि किती आहे, याचे खरे ज्ञान असणे ही राष्ट्राची गरज ठरते. त्याच वर्षी लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेने त्यांना लायेल पदक देऊन गौरवले.

सिलोनहून परतल्यावर वाडिया भारत सरकारचे भूगर्भविषयक सल्लागार झाले. खाणींच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या भारतीय खान ब्यूरोचे संचालकपदही त्यांनी काही काळ सांभाळले. या संस्थेचे मुख्यालय आज आपल्या नागपूर शहरात आहे.

इ. स. १९४८ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली अणुशक्ती आयोग स्थापन झाला. अणुशक्तीचा उपयोग देशाच्या उभारणीसाठी करावयाचा, तर युरेनियमचा शोध घेणे भाग होते. बाहेरून ते सहजासहजी मिळण्यासारखे नव्हते; ज्या राष्ट्रांजवळ ते होते, ती त्याला जपत होती. म्हणून १९४९ मध्ये दुर्मिळ खनिजांचे सर्वेक्षण करणारे एक स्वतंत्र पथक स्थापन करण्यात आले आणि त्याचे नेतृत्व वाडियांकडे आले. त्यांचे वय तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. पुढे या पथकाचाच अणुखनिज विभाग झाला.

एवढ्या विशाल देशात युरेनियम शोधावयाचे कोठे? प्रत्येक इंच भूमी खणणे शक्य नव्हते. येथे खनिजे कशी तयार होतात, याचे ज्ञान उपयोगी पडते.

त्याची एक रीत मिठागराच्या उदाहरणाने समजू शकेल. मिठागरात समुद्राचे पाणी उन्हाने आटत जाते. त्यातील मीठ स्फटिकरूपाने खाली बसते. शेवटी जे थोडे कडू पाणी उरते, त्यात मीठ न बनलेले इतर क्षार दाट होऊन राहतात. भूगर्भातील शिलारस थंड होतानाही असेच घडते. सामान्य खनिजांचे स्फटिक आधी तयार होतात. युरेनियम, लिथियम, बेरिलियम यांसारख्या मूलद्रव्यांना त्या स्फटिकांत सहसा जागा मिळत नाही; ती उरलेल्या रसात गोळा होत जातात. हा अखेरचा रस खडकांच्या भेगांत शिरून थिजतो, तेव्हा त्या भेगांत ही दुर्मिळ द्रव्ये एकवटलेली सापडतात. म्हणूनच ग्रॅनाइट खडकांच्या प्रदेशात ती शोधतात. आपल्याकडील बेसाल्टात शोधत नाहीत.

दुसरी रीत अशी की, भूकवचाचे दोन भाग एकमेकांवर घासले जाऊन खडक चिरडतात. या चिरडलेल्या पट्ट्यातून खोल भूगर्भातील उष्ण पाणी वाहू लागते. वाटेतल्या खडकांतून विरघळवून घेतलेली तांबे, युरेनियम अशी द्रव्ये ते योग्य जागी सोडून देते.

तिसरी रीत समुद्राची आणि नद्यांची. सुपात धान्य पाखडावे म्हणजे फोलपट उडून जाते आणि जड दाणे मागे राहतात. लाटाही वाळू अशीच पाखडत असतात. केरळ व तामिळनाडूच्या किनाऱ्यावर याच रीतीने मोनाझाइट नावाच्या खनिजाची वाळू साठली आहे. तिच्यातून थोरियम आणि इतर दुर्मिळ द्रव्ये मिळतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट आढळते. त्यात टायटॅनियम हा धातू असतो.

वाडियांच्या विभागातील तरुण भूगर्भशास्त्रज्ञ ठिकठिकाणी हिंडू लागले. हातात हातोडा आणि जोडीला गायगर गणक. युरेनियममधून अखंड किरण बाहेर पडत असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु हे यंत्र ते टिपते. तेव्हाच्या बिहारमधील, आताच्या झारखंडमधील सिंहभूम भागात असाच एक चिरडलेल्या खडकांचा पट्टा आहे. धनुष्यासारखा वाकलेला हा पट्टा सुमारे १६० किलोमीटर लांब असून तेथे तांब्याच्या खाणी पूर्वीपासून होत्या. याच पट्ट्यातील जादुगुडा या ठिकाणी १९५१ साली युरेनियमचा मोठा साठा आढळला.

परंतु जादुगुड्याची खाण लगेच सुरू झाली नाही. ती सुरू व्हावयास १९६७ साल उजाडले. मधली सोळा वर्षे कशात गेली, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे; कारण खनिज सापडणे ही एक गोष्ट आणि ते किती व कसे उपयोगी पडेल हे ठरवणे ही दुसरी गोष्ट होय.

यंत्र वाजले म्हणजे खाण मिळाली, असे होत नाही. आधी त्या भागाचा तपशीलवार नकाशा करतात. मग चर खणून वरच्या खडकाचे नमुने घेतात. नंतर यंत्राने जमिनीत खोल भोके पाडून खडकाच्या लांब कांड्या बाहेर काढतात. प्रत्येक कांडी कोणत्या खोलीवरची आहे हे नोंदवून प्रयोगशाळेत तिची परीक्षा होते. एका भोकात दाट खनिज लागते, तर शेजारच्या भोकात काहीच नसते. अशी अनेक भोके ठराविक अंतरावर पाडली, म्हणजे जमिनीखालच्या थराचे चित्र उभे राहते.

मग गणिताचे काम येते. समजा, खनिजाचा एक थर १०० मीटर लांब, ५० मीटर खोल आणि २ मीटर जाड आहे. त्याचे आकारमान १०,००० घनमीटर झाले. एका घनमीटर खडकाचे वजन २.७ टन धरले, तर एकंदर २७,००० टन खडक भरतो. त्याच्या प्रत्येक टनात अर्धा किलो युरेनियम असेल, तर त्या थरात १३,५०० किलो युरेनियम आहे. पण थराची जाडी २ मीटर नसून १ मीटरच निघाली तर? तर उत्तर एकदम निम्मे होते. म्हणून जेथे भोके थोडी, तेथे साठा अनुमानाचा मानतात. भोके वाढत जातात आणि मापे पक्की होतात, तसतसा तो भरवशाचा धरतात. त्यानंतरही खणण्याचा, दळण्याचा आणि शुद्ध करण्याचा खर्च वजा करून परवडेल तेवढाच भाग खाणीच्या उपयोगाचा ठरतो. अशा परवडणाऱ्या खडकालाच धातुक म्हणतात.

जादुगुड्याचा खडक श्रीमंत नव्हता. त्याच्या एका टनात एक किलोहूनही कमी युरेनियम होते. इतर काही देशांतील साठे याहून कितीतरी पटींनी समृद्ध होते. नव्या राष्ट्राला मोठ्या आकड्यांची हौस असणे स्वाभाविक आहे. परंतु फुगवलेल्या आकड्यावर कारखाना उभारला, तर कारखाना बंद पडतो आणि जनतेचा पैसा बुडतो. उलट, खडक गरीब म्हणून सोडून दिला असता, तर देशाला सर्वस्वी परक्यांवर अवलंबून राहावे लागले असते. अतिआशा आणि निराशा या दोहोंना टाळून जे आहे तेवढेच मोजणे, हेच त्या सोळा वर्षांचे काम होते. शास्त्राची प्रामाणिकता म्हणतात ती हीच.

या काळात वाडियांना अनेक मानसन्मान लाभले. इ. स. १९५७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय भूगर्भशास्त्रज्ञ होत. इ. स. १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि १९६३ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापक नेमले. इ. स. १९६४ मध्ये जगातील भूगर्भशास्त्रज्ञांची परिषद नवी दिल्लीत भरली. आशिया खंडात ती प्रथमच भरत होती आणि तिचे अध्यक्ष होते वाडिया. ऐंशी वर्षे उलटली तरी त्यांचे काम थांबले नव्हते. हिमालयाच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र संस्था असावी, ही त्यांची तळमळ होती. अशी संस्था १९६८ मध्ये दिल्लीत स्थापन झाली. पुढे ती डेहराडूनला गेली आणि तिला वाडियांचेच नाव देण्यात आले.

दि. १५ जून १९६९ रोजी वाडियांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते अणुशक्ती खात्याचे भूगर्भविषयक सल्लागार होते. त्याच वर्षी तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज वाहू लागली. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांसाठी समृद्ध केलेले युरेनियम आरंभी अमेरिकेहून आणावे लागले. परंतु इ. स. २००५ व २००६ मध्ये तेथेच सुरू झालेल्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या असून भारतीय तंत्रज्ञांनी उभारलेल्या आहेत. जादुगुड्यासारख्या खाणींतील खडक दळून त्याची पिवळी पूड करतात. हैदराबादच्या कारखान्यात त्या पुडीपासून इंधनाच्या गोळ्या बनतात.

या संपत्तीचे मोल केवळ पैशांत होत नाही. खाणीच्या टाकाऊ चुऱ्यातूनही किरण निघत असतात. म्हणून तो जपून साठवावा लागतो आणि भोवतालच्या गावांतील लोकांच्या आरोग्याची काळजी घ्यावी लागते. तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील लोकांना आपली घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. दिवा लावणाऱ्याने त्यांचेही ऋण विसरता कामा नये.

वाडियांच्या काळी देशाला युरेनियमची निकड होती. आज तिच्यात इतर खनिजांची भर पडली आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या घटमालांना लिथियम व कोबाल्ट लागतात. पवनचक्क्यांच्या चुंबकांना दुर्मिळ मृदा धातू लागतात. इ. स. २०२३ मध्ये भारत सरकारने अशा ३० अत्यावश्यक खनिजांची यादी जाहीर केली. त्याच वर्षी जम्मू प्रदेशातील रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा लिथियमचा साठा असल्याचे अनुमान प्रसिद्ध झाले. ज्या जम्मूच्या टेकड्यांत वाडियांनी आपल्या विद्यार्थ्यांना खडक ओळखायला शिकवले, तिच्याच आसमंतातला हा प्रदेश. तो आकडा वाचून अनेकांना अत्यानंद झाला. परंतु तो आकडा अनुमानाचा होता. शोधाच्या चार पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीवरचा. त्या साठ्यातून किती लिथियम खरोखर हाती येईल, हे पुढील भोके, परीक्षा आणि हिशेबच ठरवू शकतात.

भूमीच्या पोटातील धन कोणा भाग्यवंताला अवचित सापडते, अशा गोष्टी आपण ऐकतो. दाराशा वाडियांच्या जीवनात असा चमत्कार घडला नाही. रेल्वेतील एका नोकरदाराचा हा मुलगा आपल्याच देशात शिकला, आपल्याच डोंगरांतून पायी हिंडला आणि पाहिले तेवढेच लिहून ठेवीत गेला. पाऊणशे वर्षांचे वय झाले तरी त्यांनी हातातला हातोडा खाली ठेवला नाही. देशाच्या भूमीवर प्रेम करणे म्हणजे ती नीट जाणून घेणे, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले.